मन रमत नाही, की मेंदू थकलाय?

सरकारी रुग्णालयाच्या मेडिसिन ओपीडीत तक्रारी ठरलेल्या असतात. ताप, खोकला, साखर, बीपी, गुडघे. त्या केसपेपरवर लिहून होतात, रुग्ण उठायच्या बेतात येतो आणि सोबतची सून किंवा मुलगा हळूच एक वाक्य जोडतो, ‘‘डॉक्टर, हल्ली यांचं कशात मन रमत नाही.’’ कधी रुग्ण स्वतःच म्हणतो, ‘‘कशातच राम वाटत नाही बघा.’’ या तक्रारीसाठी केसपेपरवर रकाना नसतो. घरात मात्र तिचं उत्तर आधीच ठरून गेलेलं असतं, ते म्हणजे ‘वय झालं’. चिडचिड वाढली, वय झालं. शेजारच्यांचं नाव आठवेना, वय झालं. देवळात जाणं सुटलं, पेपर नुसता चाळून ठेवला जातो, नातवंडांचा दंगा सोसवत नाही, सगळ्याला तेच कारण.

हे उत्तर बऱ्याचदा चुकीचं असतं. त्यापायी उपचार होऊ शकणारे आजार वर्षानुवर्षं घरातल्या कोपऱ्यात बसून राहतात, म्हणून आजचा हा लेख.

आनंदाबद्दल आपण बोलतो तेव्हा विषय चटकन अध्यात्माकडे तरी जातो किंवा पैशाकडे तरी. मी डॉक्टर आहे, त्यामुळे मला त्यातला अवयव दिसतो. जेमतेम सव्वा ते दीड किलोचा मेंदू, म्हणजे शरीराच्या वजनाच्या साधारण २ टक्के. पण बसल्या जागी शरीर जेवढी ऊर्जा खर्च करतं, तिचा सुमारे पाचवा हिस्सा हा एकटा वापरतो. इतक्या खर्चिक अवयवाला रक्तपुरवठा कमी पडला, एखादं जीवनसत्त्व मिळेनासं झालं, झोप अर्धवट राहिली, तर त्याचा पहिला परिणाम पुष्कळदा मनःस्थितीवर दिसतो. गुडघा झिजला की दुखतो. मेंदू थकला की दुखत नाही. माणूस उदास, चिडका किंवा अलिप्त होतो आणि घरचे म्हणतात, स्वभाव बदलला.

आधी एक गैरसमज बाजूला करू. हल्ली शाळकरी मुलंही ‘डोपामिन’ हा शब्द वापरतात आणि त्याला आनंदाचं रसायन म्हणतात. त्याची कथा १९५४ मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात सुरू झाली. जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर या दोघांनी उंदरांच्या मेंदूत विशिष्ट जागी बारीक तार बसवली. कळ दाबली की तिथे विजेचा सौम्य झटका बसे. उंदीर ती कळ तासाला शेकडो वेळा दाबू लागले. आनंदाचं केंद्र सापडलं, असं तेव्हा सगळ्यांना वाटलं. पुढे वोल्फराम शुल्ट्झ यांनी माकडांवर प्रयोग केले आणि चित्र बदललं. माकडाला अचानक फळांचा रस मिळाला की डोपामिनच्या पेशी जोरात काम करत. रसाआधी दिवा लागतो हे माकडाला कळल्यावर त्या पेशी दिवा लागताच चेतत, रस मिळताना शांत राहत. दिवा लागूनही रस मिळाला नाही, तर त्यांचं काम नेहमीपेक्षाही खाली जाई. म्हणजे हे रसायन मुख्यतः अपेक्षेचा हिशोब ठेवतं. मिळेल का, किती मिळेल, ठरल्यापेक्षा जास्त मिळालं की कमी. मिळालेल्या गोष्टीत समाधान मानणं हे त्याचं काम नाही.

वन बीएचकेतून टू बीएचकेत गेल्यावरचा आनंद वास्तुशांतीनंतर किती महिने टिकला, हे ज्याने त्याने आठवून पाहावं. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात लॉटरी लागलेल्या २२ जणांचा एक अभ्यास १९७८ मध्ये प्रसिद्ध झाला. हे लोक शेजाऱ्यापाजाऱ्यांपेक्षा फारसे सुखी आढळले नाहीत. उलट मित्राशी गप्पा, नाश्ता, एखादा विनोद अशा साध्या गोष्टींतली त्यांची गोडी कमी झाली होती. अभ्यास छोटा होता, पण मोबाइल हातात घेऊन रात्री साडेअकराला एकामागून एक रील सरकवणाऱ्या माणसाकडे पाहिलं की मला तो हटकून आठवतो. प्रत्येक वेळी दिवा लागतो, रस मात्र थेंबभर.

टिकणाऱ्या आनंदाचा पाया वेगळा आहे. त्यातला काही भाग जन्मतः मिळतो. जुळ्या भावंडांवरचे अभ्यास सांगतात की समाधानी वृत्तीतल्या माणसामाणसांतल्या फरकाचा साधारण ३० ते ४० टक्के वाटा आनुवंशिक असतो. काही लोक जात्याच हसतमुख असतात, त्यांचा हेवा करून उपयोग नाही. उरलेल्यात परिस्थिती येते, नाती येतात आणि मेंदूची रोजची निगाही येते. निगा हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे, कारण पुण्यात ती करून दाखवणारा एक मोठा माणूस होऊन गेला. त्याचं नाव आपण रोज कर्वे रस्त्यावरून जाताना घेतो.

धोंडो केशव कर्वे १८५८ मध्ये जन्मले आणि १९६२ मध्ये, वयाच्या १०५ व्या वर्षी गेले. कोकणातल्या मुरूडचा हा मुलगा परीक्षेसाठी चालत घाट चढून साताऱ्याला गेला होता आणि वयाने लहान दिसतो म्हणून त्याला परीक्षेला बसू दिलं नव्हतं. पुढे फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवताना त्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रमाची संस्था काढली. प्लेगमुळे आश्रम शहराबाहेर हिंगण्याच्या माळावरच्या झोपडीत गेला. तेव्हा अण्णासाहेब कॉलेजचं काम आटोपून संध्याकाळी हिंगण्याला चालत जात. अंतर चारेक मैल, रस्ता कसला, पावसाळ्यात चिखलच. आज त्याच दिशेने मेट्रो धावते आणि आपण स्टेशनपर्यंत जायला रिक्षा करतो.

मला त्यांच्या चालण्याइतकंच कुतूहल त्यांच्या उतारवयाचं वाटतं. ५८ व्या वर्षी त्यांनी महिला विद्यापीठ सुरू केलं. सत्तरी ओलांडल्यावर परदेशांचा प्रवास केला. ७८ व्या वर्षी खेड्यांतल्या प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ काढलं, ८६ व्या वर्षी समता संघ. शंभराव्या वर्षी भारतरत्न मिळालं. एका माणसाच्या आयुष्यावरून वैद्यकीय निष्कर्ष काढता येत नाही, हे मी माझ्या विद्यार्थ्यांनाही सांगतो. चालल्यामुळे ते एवढे जगले असं कुणी म्हणू नये. त्यांच्यासारखंच चालणारी किती माणसं प्लेगने गेली, याची कुणी नोंद ठेवलेली नाही. पण चालणं, साधं जेवण, रोज माणसांत वावर आणि उद्या काय करायचं आहे याची सकाळी उठताच असलेली जाणीव, एवढं एकत्र मिळालेलं आयुष्य आजच्या मेंदूविज्ञानाच्या पुस्तकात उदाहरण म्हणून चपखल बसलं असतं.

चालण्याचा पुरावा आता बऱ्यापैकी भक्कम आहे. मेंदूच्या आत दोन्ही बाजूंना हिप्पोकॅम्पस नावाचा भाग असतो. नवी आठवण पक्की करण्याचं काम तो करतो आणि ताणाचं संप्रेरक आवरण्यातही त्याचा हात असतो. दीर्घकाळच्या नैराश्यात तो आकसलेला आढळतो आणि उतारवयात दरवर्षी थोडा थोडा लहान होतो. अमेरिकेत १२० वयस्कर लोकांचे दोन गट केले गेले. एक गट आठवड्यातून तीन दिवस, वाढवत वाढवत ४० मिनिटांपर्यंत, भराभर चालला. दुसऱ्याने फक्त ताणाचे व्यायाम केले. २०११ मध्ये निकाल प्रसिद्ध झाले तेव्हा चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस वर्षभरात सुमारे २ टक्के वाढला होता, दुसऱ्या गटाचा सुमारे १.४ टक्के घटला होता. नंतरच्या सगळ्याच अभ्यासांत इतकी वाढ दिसली नाही, हेही सांगायला हवं. पण मनःस्थिती, झोप, साखर आणि रक्तदाब यांवरचा चालण्याचा चांगला परिणाम वारंवार दिसला आहे.

पुणेकराला यासाठी पैसे मोजावे लागत नाहीत. पर्वतीच्या पायऱ्या आहेत, तळजाई आहे, हनुमान टेकडी आणि वेताळ टेकडी आहे. गुडघ्यांनी नाही म्हटलं तर सोसायटीच्या आवारात फेऱ्या घालाव्यात. किती भराभर, हे रुग्ण नेहमी विचारतात. चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, इतपत. छातीत दुखत असेल किंवा दम लागत असेल तर आधी तपासून घ्यावं. आणि चालून आल्यावर कोपऱ्यावरच्या गाडीवर दोन वडापाव खाण्याची जी पद्धत आहे, तिच्याबद्दल मी आज बोलणार नाही.

आता ज्या विषयासाठी मी हा लेख लिहायला घेतला, त्याकडे येतो. तो आहे जीवनसत्त्व बी-१२.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांचं काम जगभर नावाजलं गेलं आहे. पुण्याजवळच्या सहा गावांतल्या मातांचा आणि मुलांचा अभ्यास त्यांनी १९९३ मध्ये सुरू केला, तो पुढे दशकानुदशकं चालला. त्यांनीच २००६ मध्ये ४४१ मध्यमवयीन पुरुषांच्या रक्ततपासणीचे निष्कर्ष मांडले. हे पुरुष गावातले, शहरातल्या वस्त्यांमधले आणि शहरी मध्यमवर्गातले होते आणि वरकरणी निरोगी होते. त्यांपैकी ६७ टक्क्यांच्या रक्तात बी-१२ कमी निघालं. तुम्हाला वाटेल, गरिबांत जास्त कमतरता असेल. प्रत्यक्षात सर्वाधिक कमतरता शहरी मध्यमवर्गात होती, ८१ टक्के. आपल्यापैकी अनेक जण त्याच वर्गात मोडतात. याच संशोधनातून पुढे असंही दिसलं, की गरोदरपणी ज्या मातांचं बी-१२ फार कमी होतं, त्यांची मुलं नवव्या वर्षी एकाग्रतेच्या आणि अल्पकालीन स्मृतीच्या काही चाचण्यांत मागे पडली.

हे जीवनसत्त्व काय करतं? विजेच्या तारेवर जसं प्लास्टिकचं आवरण असतं, तसं मज्जातंतूंवर मायेलिन नावाचं आवरण असतं. ते धड राखायला बी-१२ लागतं. रक्तपेशी बनवायला लागतं. मेंदूतली, मनःस्थितीशी संबंध असलेली काही रसायनं तयार होण्याच्या साखळीतही ते लागतं. ते कमी पडलं की तळपायांना मुंग्या येतात, पायाखाली कापूस असल्यासारखं वाटतं, अंधारात तोल जातो, जीभ लालबुंद होऊन झोंबते. त्याच्या जोडीला, कधी कधी त्याच्या आधीच, विसरभोळेपणा, चिडचिड आणि उदासी येते. यकृतात त्याचा काही वर्षं पुरेल एवढा साठा असतो, म्हणून कमतरता दबक्या पावलांनी येते. साठा संपेपर्यंत माणसाला आणि घरच्यांनाही वाटतं, हा असाच आहे.

एक उदाहरण देतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. साठीच्या एक काकू, मधुमेहाच्या जुन्या रुग्ण. घरात भजनी मंडळ भरायचं, पेटी त्याच वाजवायच्या. दीड वर्षापासून पेटी बंद होती. सुनेशी बोलणं तुटक झालेलं. मुलाने सांगितलं, ‘‘आईचा हट्टीपणा वाढलाय, डॉक्टर.’’ काकू म्हणाल्या, ‘‘बोटांना सूर लागत नाहीत.’’ मी ते वाक्य आधी मनाचं समजून ऐकत होतो, पण त्या बोटांविषयीच बोलत होत्या. बोटांच्या टोकांना बधिरपणा होता. पायांवर कंपनाचा काटा ठेवला तर कंपन कळत नव्हतं. बारा वर्षं मेटफॉर्मिनची गोळी चालू होती, सोबत रोज सकाळी ॲसिडिटीची गोळी. जेवण पूर्ण शाकाहारी, त्यात डॉक्टरांनी साखर सांगितल्यापासून दूधही सोडलेलं. बी-१२ जवळजवळ तळाला गेलं होतं. इंजेक्शनं सुरू केली. सहा महिन्यांनी पेटी सुरू झाली. बधिरपणा थोडा राहिला, कारण मज्जातंतूंचं नुकसान फार काळ चाललं की ते पूर्ण भरून येत नाही. सुनेचं आणि त्यांचं किती जमलं, हे मी विचारलं नाही. तो माझा विषय नाही.

या एका उदाहरणात बऱ्याच गोष्टी आल्या. मेटफॉर्मिन हे चांगलं औषध आहे, ते घाबरून बंद करू नये. पण ते वर्षानुवर्षं चालू असेल तर अधूनमधून बी-१२ तपासायला हवं. पँटोप्राझोल, ओमेप्राझोलसारख्या गोळ्या आपल्याकडे लोक चण्या-फुटाण्यांसारख्या घेतात. अन्नातलं बी-१२ मोकळं व्हायला पोटातलं आम्ल लागतं, या गोळ्या नेमकं तेच कमी करतात. मोड आलेल्या मटकीत बी-१२ असतं, हा समज चुकीचा आहे. वनस्पतींतून ते मिळत नाही. स्पिरुलिनाच्या महागड्या भुकटीत बी-१२ सारखं दिसणारं जे असतं, ते आपल्या शरीराला वापरता येत नाही. दूध, दही, ताक, पनीर, अंडी, मासे, मटण हे त्याचे मार्ग. चहात घातलेल्या दोन चमचे दुधाने भागत नाही. कडक शाकाहार पाळणाऱ्याने तो खुशाल पाळावा, फक्त डॉक्टरांना विचारून गोळी घ्यावी.

याची दुसरी बाजूही आहे. ओपीडीत ‘लाल इंजेक्शन’ मागणारे रुग्ण रोज भेटतात. बी-१२ चा रंग लाल असतो, कारण त्यात कोबाल्ट असतो. ते टोचून घेतलं की ताकद येते अशी ख्याती आहे. पातळी मुळात चांगली असेल तर या इंजेक्शनने ना स्मरणशक्ती वाढते, ना मन प्रसन्न होतं. आधी तपासणी, मग सुई, हा क्रम उलटा करू नये.

थायरॉइडचंही असंच आहे. मंदावलेला थायरॉइड माणसाला हुबेहूब नैराश्यासारखा दिसतो आणि एका साध्या रक्ततपासणीत सापडतो. बायकांमध्ये तो जास्त आढळतो, म्हणून आळशी, रडूबाई ही विशेषणंही त्यांनाच जास्त ऐकावी लागतात.

उतारवयातल्या उदासीचं ज्याकडे सगळ्यांत कमी लक्ष जातं असं एक कारण मेंदूच्या बाहेर, कानात असतं. चष्मा लावायला कुणी लाजत नाही. कानाचं यंत्र मात्र नको. ‘‘लोक बहिरा म्हणतील.’’ मग आजोबा टीव्हीचा आवाज वाढवतात, घरचे ओरडतात. लग्नकार्यात चार लोक एकदम बोलू लागले की त्यांना काही कळत नाही, ते नुसतं हसून मान डोलवतात. दोन-तीन वेळा भलतंच उत्तर दिल्यावर लोक हसतात. मग ते कट्ट्यावर जाणं सोडतात. ऐकू येण्यासाठीच मेंदूची शक्ती खर्ची पडते, ऐकलेलं लक्षात ठेवायला उरत नाही. आणि घरचे म्हणतात, विस्मरण सुरू झालं.

स्मृतिभ्रंश टाळण्याजोग्या कारणांचा आढावा घेणाऱ्या लॅन्सेट आयोगाने २०२४ च्या अहवालात अशी १४ कारणं मोजली. ती सगळी दूर करता आली, तर जगातले सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू शकतील किंवा लांबवता येतील, असा त्यांचा अंदाज आहे. त्या यादीत ऐकू कमी येणं आहे, नजर अधू होणं आहे, नैराश्य आहे आणि एकटेपणाही आहे. यंत्राने काय साधतं, हे पाहण्यासाठी अमेरिकेत ७० ते ८४ वयाच्या ९७७ लोकांवर तीन वर्षं चाचणी झाली. सरसकट सगळ्यांत फरक दिसला नाही. पण ज्यांना स्मृतिभ्रंशाचा धोका आधीच जास्त होता, त्यांच्यात बुद्धीची घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली. भारतात साठीपुढच्या लोकांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण ७.४ टक्के असल्याचा, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना तो असल्याचा, अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. एवढ्या घरांपैकी किती घरांत आधी कान तपासले गेले असतील? पुष्कळदा तर कानात मळ घट्ट बसलेला असतो आणि तो काढल्यावर रुग्ण दचकून म्हणतो, ‘‘अहो, पंखा एवढा आवाज करतो?’’

माणसांत मिसळणं मेंदूला का मानवतं, याचं सर्वांत लांबलचक उत्तर हार्वर्ड विद्यापीठातून आलं आहे. १९३८ मध्ये सुरू झालेला अभ्यास अजून चालू आहे. हार्वर्डचे २६८ विद्यार्थी आणि बॉस्टनच्या गरीब वस्त्यांतली ४५६ मुलं, अशा दोन गटांचा पाठपुरावा त्यांच्या म्हातारपणापर्यंत केला गेला. पन्नाशीत जे आपल्या नात्यांबाबत समाधानी होते, ते ऐंशीत जास्त धडधाकट निघाले. हा अंदाज बांधायला पन्नाशीतल्या कोलेस्टेरॉलपेक्षा नाती जास्त उपयोगी पडली. सगळे अमेरिकी गोरे पुरुष होते, त्यामुळे आकडे आपल्याला जसेच्या तसे लागू होत नाहीत. पण पेठेतला वाडा पाडून तिथे लिफ्टची इमारत झाल्यावर आतली माणसं कशी वेगवेगळी झाली, हे ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना हा निष्कर्ष परका वाटणार नाही. वाड्यात भांडणं होती, नळावरची तर रोजची. तरी दार लोटलेलं असे आणि एखादी म्हातारी दोन दिवस दिसली नाही तर कुणीतरी डोकावे. आज कोथरूडच्या तीन खोल्यांच्या घरात दोघंच असतात. मुलगा परदेशात, रविवारी व्हिडिओ कॉल. त्या दोघांतला एक गेला की उरलेल्याशी दिवसभरात बोलणारा माणूस म्हणजे दूधवाला आणि कामाला येणाऱ्या मावशी.

बागांमधल्या हास्यक्लबांची चेष्टा करणारे बरेच आहेत. मीही पूर्वी करत असे. डॉ. मदन कटारिया यांनी १९९५ मध्ये मुंबईच्या लोखंडवाला भागात पाच जणांना घेऊन पहिला क्लब सुरू केला आणि पुढे पुण्याच्या बागाबागांत तो पसरला. खोटं खोटं हसण्याने मेंदूत काय होतं, यावर फार ठाम बोलावं असा पुरावा मला दिसत नाही. पण एखाद्या सकाळी तुम्ही गेला नाहीत तर दुसऱ्या दिवशी चार जण विचारतात, ‘‘काल कुठे होतात?’’ माझ्या मते औषध तिथे आहे. भिशी, भजनी मंडळ, ज्येष्ठ नागरिक संघ, गणेश मंडळाची वर्गणीची वही सांभाळणं, सगळ्यांना हेच लागू होतं. निवृत्त पुरुषांचं या बाबतीत जास्त अवघड होतं. बायकांचं काम साठीला संपत नाही आणि त्यांच्या मैत्रिणीही असतात. पुरुषाचे मित्र पुष्कळदा ऑफिसबरोबरच सुटतात.

रक्तदाबाबद्दल थोडक्यात. वाढलेला रक्तदाब मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या झिजवतो. त्यातून येणारी उदासी संथ, कोरडी असते. माणूस रडत नाही, त्याला काही करावंसंच वाटत नाही. ‘मला त्रास नाही’ म्हणून गोळी बंद करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. तंबाखू आणि मिश्रीही याच रक्तवाहिन्यांवर घाला घालतात. दात घासायचं निमित्त करून मिश्री लावणाऱ्या माझ्या ग्रामीण रुग्णांना मी हे गेली अनेक वर्षं सांगतो आहे, यश बेताचं. जेवणाविषयी एक ऑस्ट्रेलियन चाचणी उल्लेख करण्यासारखी आहे. नैराश्याचे ६७ रुग्ण, बारा आठवडे. भाज्या, कडधान्यं, फळं, मासे, सुका मेवा असा आहार घेणाऱ्यांपैकी ३२ टक्क्यांचं नैराश्य ओसरलं, नुसत्या गप्पांचा आधार मिळालेल्यांत ८ टक्क्यांचं. संख्या छोटी आहे. पण ज्वारीची भाकरी, पालेभाजी, उसळ, शेंगदाण्याची चटणी आणि वाटीभर दही हे ताट त्या आहारापासून फार लांब नाही. बिस्किटांच्या पुड्यापासून मात्र पुष्कळ लांब आहे.

झोपेचं एवढंच, की घोरणारा, झोपेत श्वास अडकून दचकणारा आणि दिवसा पेंगणारा माणूस चिडका असेल तर त्याला समुपदेशन नंतर, झोपेची तपासणी आधी.

इतकं वाचून कुणी असा अर्थ काढेल की चालायला लागलं, दही खाल्लं, भिशी लावली की नैराश्य जातं. तसं नाही. खरं नैराश्य हा आजार आहे. त्यात माणसाला टेकडीवर जाण्याची इच्छाच उरत नाही आणि ‘‘जरा मन रमव, फिरून ये’’ हा सल्ला त्याला टोमण्यासारखा लागतो. दोन आठवड्यांहून अधिक काळ रोज उदास वाटणं, पहाटे तीन-चारला जाग येऊन परत झोप न लागणं, भूक मरणं, आपण घरच्यांना ओझं झालो आहोत असं वाटणं, ही लक्षणं दिसली तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जावं. औषधांचा परिणाम दिसायला तीन-चार आठवडे लागतात. ती झोपेच्या गोळ्यांसारखी नसतात, त्यांची चटक लागत नाही. मात्र ती आपल्या मनाने एकदम बंद करू नयेत. म्हातारा माणूस ‘आता देवाने न्यावं’ असं पुन्हा पुन्हा म्हणत असेल, तर ती बोलण्याची पद्धत समजून सोडून देऊ नका. जवळ बसून सरळ विचारा, जीव द्यावासा वाटतो का? विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते.

केंद्र सरकारची टेलिमानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही फोन करता येतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीतून बोलता येतं. ओपीडीत येणार असाल तर चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून आणा, अगदी ॲसिडिटीची आणि शेजाऱ्यांनी दिलेलीसुद्धा. जुने रक्ताचे रिपोर्ट आणा. रुग्णाचं पूर्वी मन कशात रमत होतं आणि ते केव्हापासून थांबलं, हे घरातल्या एकाने आठवून कागदावर लिहून आणलं, तर आमचं निम्मं काम होतं. आणि केसपेपर काढून तुम्ही आत आलात की ‘मन रमत नाही’ ही तक्रार उठता उठता सांगू नका, बसल्याबरोबर सांगा. बाहेर रांग मोठी असते.